कानावर बसणारा की कान झाकणारा? हेडफोनबद्दलचे तुमचे प्रश्न

या महिन्यात जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून प्रश्न आले आणि फिरून फिरून मुद्दा एकच होता, ऑन-इअर घ्यावा की ओव्हर-इअर. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. एक खुलासा आधीच करतो. ज्याची गादी कानाच्या पाळीवर टेकते तो ऑन-इअर, आणि ज्याच्या गादीच्या आत पूर्ण कान मावतो, गादी कानाभोवतीच्या हाडावर टेकते, तो ओव्हर-इअर. ऑनलाइन साइटवर बऱ्याचदा ऑन-इअरलाच ओव्हर-इअर लिहिलेलं असतं आणि दुकानातही दोघांना "मोठा हेडफोन" म्हणूनच दाखवतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, कपच्या आतलं भोक तुमचा कान मावेल एवढं आहे का ते बघा.

प्रश्न : मी अमळनेरला अभ्यासिकेत बसून एमपीएससीचा अभ्यास करतो. रोज सहा-सात तास लेक्चर बघणं होतं. चष्मा आहे. इअरफोनने कानात दुखायचं म्हणून मित्राचा ऑन-इअर लावून पाहिला तर तासाभरात कान लाल होतो आणि चष्म्याची काडी रुतते. ओव्हर-इअर घेतला तर उन्हाळ्यात घामाने जीव जाईल असं सगळे सांगतात, अभ्यासिकेला वर पत्रे आहेत आणि कूलर दिवसभर घरघरतो. बजेट दोन-अडीच हजार. कोनता लेवाना? (एक विद्यार्थी, अमळनेर)

भाऊ, ओव्हर-इअर घ्या, आणि शक्यतो कापडी किंवा मखमली पॅडचा घ्या.

ऑन-इअरला डोक्यावर टिकायचं तर कानाची पाळी दाबूनच टिकावं लागतं, दुसरा आधारच नाही त्याला. कानाचा वरचा भाग म्हणजे नुसती कूर्चा आणि तिच्यावर पातळ कातडी, मांस नाहीच, आणि मागून चष्म्याची काडी. म्हणजे बाहेरून पॅड दाबतंय, आतून काडी आणि कवटी, मधे कान, आणि हे रोज सहा-सात तास. ऑन-इअर कितीही महाग घेतला तरी हे बदलत नाही, पॅड मऊ असेल तर एक तासाऐवजी दीड तासाने दुखेल एवढंच. ओव्हर-इअरमध्ये तोच दाब कानाभोवतीच्या हाडावर, जास्त जागेवर पसरतो. काडीमुळे पॅडला थोडी फट पडते आणि त्यातून बेस गळतो, गाणं ऐकणाऱ्याला ते जाणवतं, पण लेक्चर म्हणजे माणसाचा आवाज, आणि बोलणं स्पष्ट कळायला लागणारा भाग साधारण १,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपासचा असतो, त्याला त्या फटीने फार फरक पडत नाही.

आता घाम. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो, बंद कपात कान तापणारच, ते खोटं नाही. पण घामावर उपाय आहे, दाबावर नाही. रेक्झिनचं पॅड घाम शोषत नाही, चिकटतं, म्हणून कापडी बघा, आणि रेक्झिनचाच मिळाला तर वरून चढवायचे होजिअरीचे कव्हर मिळतात ते घ्या, काढून धुता येतात. लेक्चर संपलं की हेडफोन गळ्यात न ठेवता टेबलावर काढून ठेवा, दहा मिनिटं कान मोकळे सोडा. तसंही सलग सात तास कोणी कानावर काही ठेवू नये.

दुकानात बघताना एक गोष्ट नक्की करा. स्वतःचा चष्मा घालून हेडफोन लावा आणि मान खाली घाला, वही लिहिताना घालता तशी, मग बोटाने बघा कप सरकतोय का, आणि कानाचं टोक आतल्या कापडाला लागतंय का. स्वस्तातल्या पुष्कळ ओव्हर-इअरचं भोक मोठं असतं पण खोली नसते, कान आत मावतो आणि आतल्या ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरच्या, जाळीला घासत बसतो, अशाने ऑन-इअरसारखंच दुखतं, आणि हे पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटं लागतात. म्हणून दुकानदाराला सांगून वीस मिनिटं लावून बसा, नाही म्हणाला तर रिटर्न घेणाऱ्या ठिकाणाहून मागवा आणि पहिल्याच दिवशी घरी एक पूर्ण लेक्चर बघून निर्णय घ्या. पकड थोडी घट्ट वाटली आणि वरची पट्टी धातूची असेल तर रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर डोक्याएवढ्या रुंदीला ताणून ठेवा, सैल होते. नुसत्या प्लास्टिकच्या पट्टीला हे करू नका, तडकते.

कूलरबद्दल. बॉक्सवर नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं बघून तुम्हाला मोह होईल. त्याचं काम असं की बाहेरचा आवाज माइकने पकडायचा आणि बरोबर त्याच्या उलटी लहर कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात. कूलर, पंखा, इंजिन असल्या एकसुरी जाड आवाजावर हे छान चालतं, शेजारच्याच्या बडबडीवर किंवा बाकड्याच्या करकरीवर फारसं नाही. पण दोन-अडीच हजारात ते बऱ्याचदा नावापुरतं असतं आणि त्याच्यासाठी कंपनी पॅडमध्ये, पट्टीमध्ये काटकसर करते. तुमच्या बजेटमध्ये मी तरी साधा, बंद कपाचा, वायरचा ओव्हर-इअर घेईन. बंद कप म्हणजे मागून भोकं किंवा जाळी नसलेला, ओपन-बॅक अभ्यासिकेत चालणारच नाही, तुमचं लेक्चर शेजारच्यालाही ऐकू जाईल. वायर असली की चार्जिंगची कटकट नाही, बॅटरी म्हातारी होत नाही आणि त्याच पैशात आवाज चांगला मिळतो. फोनला ३.५ एमएमचं भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा कनेक्टर लागेल, तो बरा बघून घ्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून मुद्दाम शेवटी घेतलंय. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकणं ठीक, आणि वर प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० वर जेमतेम ४ तास. तुमचे रोजचे सात तास म्हणजे सहा दिवसांत ४२ तास झाले, तुम्ही काठावर आहात. कूलर चालू झाला की आपोआप व्हॉल्यूम वर जातो, आणि ऑन-इअर बाहेरचा आवाज कमी अडवतो म्हणून त्यात तो आणखी वर जातो. मला ओव्हर-इअरच्या बाजूचं हे सगळ्यात मोठं कारण वाटतं, दुखण्यापेक्षाही मोठं, कारण दुखणारा कान रात्रीत बरा होतो, आतल्या पेशी गेल्या की परत येत नाहीत. फोनचा व्हॉल्यूम ६० टक्क्यांच्या खाली ठेवा आणि तेवढ्यात ऐकू येत नसेल तर कूलरपासून लांबचं टेबल मागून घ्या.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे, ऑनलाइन क्लास लावलाय. त्याच्या बाबांचा ओव्हर-इअर त्याला देते पण सारखा घसरतो. त्याच्यासाठी कुठला? (एक आई, भुसावळ)

ताई, त्याला लहान मुलांचा ऑन-इअर घ्या. मोठ्यांचा ओव्हर-इअर लहान डोक्यावर नीट बसतच नाही, खालून फट राहते, आवाज बाहेर जातो आणि मग पोरगं व्हॉल्यूम वाढवतं. क्लास एक-दीड तासाचा असेल तर ऑन-इअरने कान दुखायची वेळ येत नाही. मुलांच्या हेडफोनवर ८५ डेसिबलची मर्यादा लिहिलेली असते ती असलेलाच घ्या, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नका, मुलांसाठी आठवड्याला ४० तासांची सुरक्षित पातळी ७५ डेसिबल धरलीय, म्हणजे ८५ वरच सतत ठेवला तर तोही जास्तच झाला. सोपी तपासणी सांगतो तशी करा, त्याने हेडफोन लावलेला असताना हातभर अंतरावरून साध्या आवाजात हाक मारा, ओ देत नसेल तर व्हॉल्यूम कमी करा. सर्दी असेल, कान वाहत असेल तर हेडफोन बंदच, आणि भावंडांनी एकच पॅड वापरायचं असेल तर मधे पुसून घ्या.

प्रश्न : सासूबाई मोबाइलवर कीर्तन ऐकतात, दुपारी घरात सगळे झोपलेले असतात म्हणून हेडफोन घ्यायचाय. त्यांच्या कानात कुड्या आहेत, वर बुगडी आहे, ती त्या काढत नाहीत. आणि डाव्या कानाला मशीन आहे, कानामागे बसतं ते. दुकानदाराने हलका ऑन-इअर दाखवला. (एक सून, यावल)

ताई, तो घेऊ नका. हलका आहे हे खरं, पण पॅड बरोबर बुगडीवर येणार आणि फिरकी आतून टोचणार, कुडीचंही तेच. आणि मशीनचा मुद्दा तर याहून महत्त्वाचा. कानामागच्या मशीनचा माइक वरच्या बाजूला असतो, ऑन-इअरचं पॅड कानाच्या भोकाशी टेकतं, आवाज माइकपर्यंत पोचतच नाही, आणि मशीनसमोर काहीही चिकटून आलं की त्यातून शिट्टी वाजायला लागते. ओव्हर-इअर घ्या, भोक मोठं, कप खोल, म्हणजे कान, दागिना आणि मशीन सगळं कपच्या आत मोकळं राहील आणि मशीनचा माइकही आतच येईल. वजन मात्र बघा, म्हातारपणी मानेला पाव किलोही जड होतो. २०० ग्रॅमच्या आतले ओव्हर-इअर मिळतात, सोनीचा डब्ल्यूएच-सीएच७२०एन १९२ ग्रॅमचा आहे, आणि त्याउलट अॅपलचा एअरपॉड्स मॅक्स चांगला ३८५ ग्रॅमच्या आसपास जातो, तो त्यांच्या कामाचा नाही.

पण घेण्याआधी मशीन जिथून बसवलं तिथे एक फोन करा आणि विचारा की यात ब्लूटूथ आहे का. नव्या बऱ्याच मशीनमध्ये असतं, फोनचा आवाज थेट मशीनमध्ये जातो, आणि तोही त्यांच्या कानाच्या तपासणीप्रमाणे सेट होऊन. तसं असेल तर हेडफोनचा खर्चच वाचला. नसेल तर सासूबाईंना सोबत घेऊन दुकानात जा, नुसता फोटो बघून आणू नका, कुडीचा आकार तुम्हाला माहीत आहे, दुकानदाराला नाही.

प्रश्न : आम्ही चार मित्र घरीच अहिराणी गाणी रेकॉर्ड करून चॅनेलवर टाकतो. लग्नाची, कानबाईची, आता दोन गाण्यांना चांगले व्ह्यूज आलेत. गाताना ऑन-इअर ब्लूटूथ लावतो पण ट्रॅक आणि आवाज मागेपुढे होतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये बारीक टिकटिक येते. कुठला हेडफोन घ्यावा आणि मिक्सिंगला पण तोच चालेल का? (साक्री तालुका)

दादा, तुमचे दोन्ही त्रास हेडफोनमुळेच आहेत आणि दोन्ही सुटतील, गाणी बंद करू नका. अहिराणीत इतक्या मनापासून काम करणारी पोरं आहेत ते बघून फार बरं वाटतं.

मागेपुढे होतंय ते ब्लूटूथमुळे. आवाज आधी दाबून पॅक होतो, हवेतून जातो, पलीकडे उघडतो, यात सेकंदाचा एक-दोन दशांश भाग सहज जातो आणि गायकाला तेवढा उशीर पुरतो ताल सोडायला. दुसरं म्हणजे ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा माइक चालू झाला की आवाजाचा दर्जा कॉलच्या पातळीवर घसरतो. म्हणून रेकॉर्डिंगला वायरच, त्याला पर्याय नाही.

टिकटिक येते ती तुमच्याच कानातून गळलेली क्लिक आहे, म्हणजे ताल धरायला हेडफोनमध्ये वाजते ती. ऑन-इअर पाळीवर टेकलेला असतो, कडेने फटी राहतात, आणि गायक मान हलवतो तशा त्या फटी उघडझाप करतात. माइक तोंडासमोर एक वीतभर, तो ती क्लिक उचलतो, आणि ढोल-संबळ नंतर चढवला तरी शांत जागी ती ऐकू येतेच. बंद कपाचा ओव्हर-इअर लावला की गळती कमी होते. स्टुडिओत वर्षानुवर्षं चालणारी नावं सांगतो, सोनी एमडीआर-७५०६, हा १९९१ पासून आहे आणि अजून तसाच विकला जातो, ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स, बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. पैकी डीटी ७७० प्रोला मखमली पॅड येतात, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद खोलीत पंखा बंद करून गाताना त्याचा फायदा कळेल. पण तो ८० ओहमचा घ्यायचा (ओहम म्हणजे विजेला होणारा विरोध, तो जास्त तर वाजवायला जोर जास्त लागतो), २५० ओहमचा घेतला तर फोनला किंवा साध्या लॅपटॉपला लावल्यावर आवाज बारीक येईल आणि तुम्हाला वाटेल पीस खराब निघाला. एम५०एक्स ३८ ओहमचा, ७५०६ ६३ ओहमचा, हे साध्या ऑडिओ इंटरफेसवर, म्हणजे माइक-हेडफोन कॉम्प्युटरला जोडायच्या डबीवर, आरामात वाजतात. ७५०६ ची वायर गुंडाळीची असते आणि कपातून निघत नाही, तुटली तर डाग द्यावा लागतो. एम५०एक्सची वायर काढून बदलता येते, चार जणांच्या हातात फिरणार असेल तर मी तोच घेईन.

इथे ऑन-इअरची बाजू पण सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. सेन्हायझरचा एचडी २५ म्हणून एक ऑन-इअर आहे, १९८८ पासून, आणि डीजे, कॅमेरामन, लाइव्ह साउंडवाले त्याच्यावर जीव टाकतात, कारण वजन वायर सोडून साधारण १४० ग्रॅम, पकड जबरदस्त, एक कप मागे फिरवून एका कानाने हेडफोन आणि दुसऱ्याने मंडप ऐकता येतो. तुम्ही लग्नात लाइव्ह करत असाल, एक डोळा मिक्सरवर आणि एक नवरदेवाच्या वरातीवर, तर तिथे तो ओव्हर-इअरपेक्षा सरस आहे. पण तीच जबरदस्त पकड दोन-तीन तास गाणाऱ्याला नको होते.

मिक्सिंगला तोच हेडफोन वापरा, दुसऱ्याला सध्या पैसे घालू नका. ओपन-बॅक हेडफोनवर मिक्स जास्त नैसर्गिक ऐकू येतो हे खरं असलं तरी तुमच्या घरात बाहेर ट्रॅक्टर, आत कुकर, ओपन-बॅकमध्ये ते सगळं आत येणार. त्यापेक्षा मिक्स झाला की फोनच्या स्पीकरवर, मग एखाद्या गाडीत, मग जमलं तर डीजेच्या सेटवर वाजवून बघा, तुमचा श्रोता तिथेच ऐकतो. हेडफोनवर बेस भरपूर वाटला आणि फोनवर ढोल गायब झाला तर ढोलाचा मधला भाग, काडीचा टक आवाज, थोडा वर घ्या.

प्रश्न : जिनिंगमध्ये काम करतो. मशीनचा आवाज खूप. नॉइज कॅन्सलिंगचा ओव्हर-इअर घेतला तर गाणीपण होतील आणि कानपण वाचतील असं मित्र म्हणतो. खरं का? (जळगाव)

नाही, भाऊ. गाण्याचा हेडफोन हे कान वाचवायचं साधन नाही. तो किती आवाज अडवतो याची सुरक्षेसाठी तपासणी झालेली नसते, नॉइज कॅन्सलेशन जाड आवाज मारतं आणि मशीनचा कर्कश भाग तसाच आत येतो, वरून गाणं ऐकायला तुम्ही व्हॉल्यूम चढवणार म्हणजे दुप्पट मार. शिवाय कोणी ओरडून सावध केलं तर ऐकू येणार नाही, आणि जिनिंगमध्ये ते जिवावर बेतू शकतं. तुम्हाला इअरमफ किंवा फोमचे इअरप्लग लागतात, ज्याच्यावर किती डेसिबल कमी होतो ते लिहिलेलं असतं. कारखान्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमातच आहे आणि त्याच्यावर आवाज असेल तर हे साहित्य मालकाने द्यायचं असतं, मागायला लाजू नका. सुट्टीच्या दिवशी पण कानात शूं आवाज राहत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घ्या, पुढच्या सीझनची वाट बघू नका.

प्रश्न : रात्रीची लाइट असते, केळीला पाणी धरायला जावं लागतं. एकट्याला झोप येते म्हणून हेडफोन लावतो. कोणता बरा? (चोपडा)

बापू, रात्री शेतात ओव्हर-इअर अजिबात नको आणि कानात घुसणारे इअरफोनही नकोत. पाचोळ्यात सरपटलेलं, बांधापलीकडे बिबट्याने कुत्रं हुसकावलेलं, मोटारीचा बदललेला आवाज, हे सगळं तुम्हाला ऐकू यायलाच हवं. माझं म्हणणं, फोन खिशात ठेवून स्पीकरवर रेडिओ लावा, केळीला काही त्रास होत नाही. उलट माणसाचा आवाज चालू असला तर जनावर लांब राहतं. हेडफोनच हवा असेल तर उघड्या फोमच्या गादीचा जुन्या पद्धतीचा ऑन-इअर असतो तो बघा, १९७९ मध्ये वॉकमनसोबत आलेला होता तसल्या जातीचा, कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून अजून मिळतो. त्यात बाहेरचं सगळं ऐकू येतं, घरात तो त्याचा दोष आहे, तुमच्या शेतात तोच गुण. तोही एकाच कानावर ठेवा. आणि मोटारसायकलवर जाता-येताना काढून ठेवा, तेवढं ऐका माझं.

प्रश्न : नंदुरबारहून सुरतला आठवड्याला जाणं-येणं असतं, ट्रेनमध्ये पिक्चर बघतो. बॅगेत जागा कमी. (नंदुरबार)

जागा कमी आणि तीन-चार तासांचा प्रवास, मधे चहा, गप्पा, नवापूर-व्यारा, टीसी, म्हणजे सलग कानावर राहणारच नाही, त्यामुळे तुम्हाला ऑन-इअर चालेल. सोनीचा डब्ल्यूएच-सीएच५२० १४७ ग्रॅमचा आहे आणि एका चार्जवर ५० तास चालतो असं कंपनी सांगते, जेबीएलचा ट्यून ५१०बीटी घडी होतो आणि ४० तासांचा. दोन्हीत नॉइज कॅन्सलेशन नाही. डब्याची घरघर सहन होत नसेल तर मात्र नॉइज कॅन्सलिंगचा ओव्हर-इअर, ते तंत्र प्रवासाच्या आवाजासाठीच तर निघालंय, अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या ते सुचलं आणि वैमानिकांसाठीचा पहिला हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. स्टेशन जवळ आलं की एक कान उघडा ठेवा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या ओव्हर-इअरच्या पॅडची काळी साल निघते, केसाला, गालाला चिकटते. आवाज चांगला आहे. फेकून द्यावा का? (धुळे)

फेकू नका, फक्त पॅड बदला. रेक्झिनचा वरचा थर उष्णता, घाम आणि केसांच्या तेलाने सुटतो, आपल्या हवेत दोन वर्षं टिकला म्हणजे बरा टिकला म्हणायचं. मॉडेलचं नाव टाकून पॅड शोधा, नेमके मिळाले नाहीत तर जुन्या पॅडची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा आणि त्या मापाचे घ्या. जाडीपण मोजा, पातळ घेतले तर कान आत टेकेल, फार जाड घेतले तर बेस बदलेल. बसवण्याचे दोन प्रकार असतात, एकात पॅडच्या मागची कापडी झालर कपच्या खाचेत सरकवत न्यायची असते, दुसऱ्यात प्लास्टिकची रिंग खटकन बसते. झालरवाल्यात आधी खालचा अर्धा भाग खाचेत अडकवा मग बोटाने गोल फिरत वर या, ओढून ताणू नका, झालर फाटते. बसवण्याआधी ड्रायव्हरवरचं पातळ कापड सुक्या ब्रशने हलकंच झाडा, ओला बोळा लावू नका.

ब्लूटूथचा असेल तर पॅड नवे घातले तरी बॅटरी जुनीच राहते हे लक्षात असू द्या. लिथियम बॅटरीला ४५ अंशाच्या वर चार्ज करणं वाईट, म्हणून दुपारी पत्र्याखाली किंवा खिडकीच्या उन्हात चार्जिंगला लावू नका आणि गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका, रात्री किंवा पहाटे चार्ज करा. एका चार्जवर चालायचा वेळ अर्ध्यावर आला असेल, पट्टीचा सांधा तडकला असेल आणि वर एक बाजू मधेच बंद पडत असेल तरच नव्याचा विचार करा, आणि नवा ब्लूटूथचा घेताना बॉक्सवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आहे का बघून घ्या. नवे पॅड बसवले की आधी एका ओळखीच्या गाण्याने दोन्ही बाजू तपासा, बेस एका बाजूला कमी वाटला तर ती झालर कुठेतरी खाचेबाहेर राहिलीय, काढून परत बसवा.